आधी हाताने काढायला शिका, मशीन नंतर

दाभोळच्या एका आईने विचारलं आहे. बाळ साडेतीन महिन्यांचं, पूर्णपणे अंगावरच्या दुधावर. २६ आठवड्यांच्या रजेतले सहा-सात आठवडे बाळंतपणाआधीच गेले, त्यामुळे महिन्याभरात गुहागरच्या बँकेत रुजू व्हायचंय. सव्वाआठला घर सोडायचं, फेरीबोटीने धोपाव्याला उतरायचं, तिथून गुहागर. परत यायला साडेसहा. बाळ सासूबाईंजवळ राहील. सासूबाई म्हणतात, काढून ठेवलेलं दूध शिळं, ते द्यायचं नाही. शेजारीण म्हणते, आत्तापासून डब्याचं दूध चालू कर, म्हणजे सवय होईल. रुजू झाल्यावर महिन्याभरात रत्नागिरीला तीन दिवसांचं प्रशिक्षण आहे. मध्येच छातीत डाव्या बाजूला गाठ धरते. आणि या सगळ्याच्या आधी त्यांनी विचारलंय, दूध काढायचं मशीन कुठलं घेऊ?

ताई, मी तेवीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टर होते. आता स्तनपानाचा सल्ला देते, आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक आया याच किनाऱ्यावरच्या. बँकेतल्या, शाळेतल्या, काजूच्या कारखान्यातल्या, आशाताई, मासे विकणाऱ्या. त्यातली जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न मशीनचाच विचारते. माझं उत्तर ठरलेलं आहे. मशीन घ्या, पण आधी हाताने दूध काढायला शिका. इतकं शिका की अंधारात, उभ्याने, बोटीच्या धक्क्यावरसुद्धा जमलं पाहिजे.

कारण आपला मुलूख. पावसाळ्यात लाईट कधी जाईल आणि कधी येईल कोणी सांगू शकत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा दापोली-मंडणगडात कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. ज्यांनी फ्रीजरमध्ये दूध साठवून त्याच्यावर भिस्त ठेवली होती त्यांचं सगळं दूध ओतावं लागलं. मशीनची बॅटरी संपली की मशीन म्हणजे नुसता डबा. शिवाय मशीनची झडप घरी विसरते, नळी फाटते, बाटली पडून फुटते. हात मात्र कुठे विसरत नाहीत.

हे मला पुस्तकाने शिकवलं नाही. बरीच वर्षं झाली, हर्णै बंदरावर संध्याकाळच्या लिलावाला गेले होते. एक मासेवाली, तान्ह्या बाळाची आई, लिलाव लांबला म्हणून बाजूला भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पदराखाली स्टीलचं फुलपात्र धरलं आणि दोन बोटांनी दूध काढायला लागली. पाच-सात मिनिटांत एक बाजू मोकळी. बोटं टोकाला लावतच नव्हती. पार मागे, काळ्या भागाच्या कडेला धरून आधी आत बरगडीकडे दाबायची, मग बोटं एकमेकींजवळ आणायची, सोडायची. घसरवणं नाही, ओढणं नाही, आणि चेहऱ्यावर दुखल्याची एक रेघ नाही. मी तोवर कितीजणींना 'पिळा' म्हणून सांगत आले होते. त्या दिवसापासून तो शब्द सोडला.

तर करायचं असं. हात साबणाने धुवा. एखादं मिनिट तळहाताने छाती हलकेच, वरवर कुरवाळा, मळल्यासारखी दाबू नका. अंगठा वर, पहिलं बोट खाली, टोकापासून साधारण अडीच-तीन सेंटीमीटर मागे, म्हणजे इंग्रजी सी अक्षराचा आकार होतो. आता आधी छातीच्या भिंतीकडे मागे दाबा. मग दोन्ही बोटं जवळ आणा. सोडा. पुन्हा तेच. पहिलं एक-दोन मिनिटं काहीच येणार नाही, नाहीतर थेंब येतील. तिथेच बहुतेक जणी घाबरून थांबतात. थांबू नका. पान्हा फुटायला तेवढा वेळ लागतो, मग धारा लागतात. धार मंदावली की बोटं थोडी फिरवून दुसऱ्या जागेवर धरा, म्हणजे सगळे कोपरे मोकळे होतात. तीन-चार मिनिटांनी बाजू बदला, परत पहिल्या बाजूवर या. वीस ते तीस मिनिटांत दोन्ही बाजू होतात. सराव झाला की पंधरा. दुखलं तर बोटं पुढे घसरली आहेत असं समजा.

रोज पहाटेच्या पहिल्या पाजण्यानंतर करा. बाळ एका बाजूला प्यालं की दुसऱ्या बाजूचं थोडं काढा. पहाटे दूध जास्त असतं, हात लवकर बसतो. पहिल्या आठवड्यात वीस-तीस मिलिलिटर निघालं तरी चांगलं आहे. वाटीत काय दिसतं त्यावरून आपल्याला दूध किती आहे हे कधीही मोजू नका. बाळ ओढून घेतं तेवढं कुठलंही मशीन काढू शकत नाही. बाळाला पुरतंय की नाही हे दोनच गोष्टी सांगतात. दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा नीट ओली झालेली लंगोटं, आणि वजनाचा काटा.

आता त्याहून महत्त्वाचं. बाहेर असताना दूध साठवता येवो न येवो, काढलंच पाहिजे. फ्रीज नाही, बर्फ वितळला, बाटली विसरली, तरी काढा आणि ओतून द्या. जमिनीवर सांडू नये म्हणतात, तर एखाद्या झाडाच्या बुंध्याशी ओता. पण छातीत साचू देऊ नका. छाती भरून तट्ट झाली की शरीर समजतं, आता एवढ्या दुधाची गरज नाही. दूध तयार होण्याचा वेग त्याच बाजूला, त्याच दिवशी कमी व्हायला लागतो. आठवडाभर असं झालं की आई म्हणते, माझं दूध आटलं. दूध नोकरीने आटत नाही, तासन्‌तास न काढल्याने आटतं.

हे मी स्वतःवर बेतलेलं सांगते. माझी मुलगी चार महिन्यांची असताना मला एकापाठोपाठ एक दोन पाळ्या लागल्या. त्या रुग्णालयात रोज दहा बाळंतिणींना मी 'दर तीन तासांनी पाजा' सांगत होते, आणि मला स्वतःला दहा-अकरा तासांत पंधरा मिनिटं बसायला मिळाली नाहीत. मागितली तर वरून उत्तर आलं, सगळ्यांनाच घरी मुलं आहेत. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप, छातीवर लालभडक पट्टा, आणि पुढच्या आठवड्यात पू काढायला चीर द्यावी लागली. मी लहान होते, भांडले नाही. तुम्ही मात्र आधी मागून घ्या, ते कसं ते पुढे सांगते.

तुमचा दिवस असा बसतो. निघण्याआधी, पावणेआठला, पोटभर पाजा. अकराला एकदा काढा, दोनला जेवणाच्या सुट्टीत, मग पावणेपाचला. घरी पोचल्यावर हातपाय धुवून आधी बाळ. फेरीबोट चुकली तर घरी यायला साडेसात होतील, म्हणून पावणेपाचचं कधीही टाळू नका. रात्रीचं पाजणं तर अजिबात सोडू नका. दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं, आणि आई दिवसभर नसेल तर पुष्कळ बाळं आपला हिशोब रात्री पुरा करतात. रात्री दोनदाऐवजी चारदा उठायला लागलं तर ते बाळाचं शहाणपण आहे. जवळ घेऊन झोपताना गादी कडक असू द्या, बाळाच्या तोंडावर पांघरूण येऊ देऊ नका.

घरी किती दूध ठेवून जायचं? आई नसलेल्या प्रत्येक तासाला साधारण ३० ते ४५ मिलिलिटर धरा. तुमचे दहा तास, म्हणजे ३०० ते ४५०. ते ८०-१०० मिलिलिटरच्या चार-पाच भागांत. हा आकडा बघून दडपून जाऊ नका, कारण फ्रीजर भरून ठेवायचा नाहीच आहे. पहिल्या दिवसापुरतं आणि वर एखाद दिवसाचं जास्त, एवढंच साठवा. त्यानंतर आज बँकेत काढलेलं उद्या बाळाला. आणि हिशोब करा, तुम्ही रुजू व्हाल तेव्हा बाळ साडेचार महिन्यांचं असेल. सहा महिने झाले की मऊ पेज, नाचणीचं सत्त्व, भात-वरण चालू होईल, दिवसा दुधाची मागणी हळूहळू कमी होईल. म्हणजे खरी ओढाताण फक्त सहा आठवड्यांची. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढे दोन वर्षं किंवा जास्त काळ इतर अन्नासोबत दूध असं सांगते. साडेचार ते सहा महिने हा पूल ओलांडला की पुढचा रस्ता बराच सपाट आहे.

म्हणूनच शेजारणीचा सल्ला घेऊ नका. डब्याचं दूध सवय म्हणून चालू केलं की बाळ तेवढं कमी ओढणार, तुमचं तेवढं कमी होणार, मग खरोखरच डबा लागणार. १९९२ पासून आपल्याकडे कायदा आहे, दोन वर्षांखालच्या बाळांच्या दुधाच्या पावडरीची आणि बाटल्यांची जाहिरात करता येत नाही, फुकट नमुने वाटता येत नाहीत. तो उगाच केलेला नाही. मात्र सगळं करूनही वजन वाढत नसेल, डॉक्टरांनी तपासून वरचं द्यायला सांगितलं, तर अपराधी वाटून घेऊ नका. तेव्हा ते औषध आहे.

मशीनबद्दल थोडक्यात. रोज दहा तास बाहेर असणाऱ्या आईला दोन्ही बाजूंचं एकदम काढणारं विजेचं मशीन वेळ वाचवतं. बॅटरीवर किंवा पॉवर बँकवर चालणारं बघा. जमत नसेल तर हाताने दाबायचं साधं मशीनही चालतं. रबरी फुगा लावलेलं काचेचं जुनं यंत्र मेडिकलमध्ये अजून मिळतं, ते घेऊ नका. दूध फुग्यात शिरतं आणि तो फुगा आतून कधीच नीट धुता येत नाही. छातीला लावायच्या फनेलचं माप बघा. टोक मोकळेपणी मागेपुढे हललं पाहिजे, काळा भाग आत ओढला जाता कामा नये. जोर वाढवला की दूध जास्त येतं हा गैरसमज आहे, जोर वाढवला की फक्त जखम होते. महिन्या-दोन महिन्यांनी दूध कमी यायला लागलं तर आधी ती छोटी पांढरी सिलिकॉनची झडप बदलून बघा. ती सैल पडते आणि आई समजते आपलं दूध गेलं. एक जादा झडप पर्समध्ये कायम ठेवा. मशीन काढून झाल्यावर दोन मिनिटं हाताने काढा, शेवटचं दाट दूध तेव्हा येतं.

भाग दर वेळी धुवायचे. बेसिनमध्ये थेट ठेवून नाही, स्वतःच्या वेगळ्या पातेल्यात, साबण आणि गरम पाण्याने. दिवसातून एकदा उकळा. पावसाळ्यात आपल्याकडे काही म्हणून वाळत नाही, मशीनचे भाग डब्यात ओलेच बंद केले तर दोन दिवसांत काळे ठिपके येतात. त्यासाठी दोन संच ठेवा, झटकून स्वच्छ पंचावर उघडेच पसरून ठेवा. चुलीजवळच्या किंवा ओट्यावरच्या फडक्याने पुसू नका. काळे ठिपके आलेली नळी उकळून वापरण्यापेक्षा फेकून द्या.

आता गरमी. पुस्तकात लिहिलेलं असतं, ताजं दूध खोलीत ४ तास राहतं. ते २५ अंशांच्या खोलीचं आहे. आपल्याकडे मार्च ते मे आणि ऑक्टोबरात भर दुपारी पारा ३३-३४ च्या आसपास असतो, वर दमट हवा. मी अशा दिवसांत दोन तासांच्या वर धरत नाही. फ्रीजमध्ये, ४ अंशांना, ४ दिवस. दारात ठेवू नका, मागे आत ठेवा. खऱ्या डीप फ्रीजरमध्ये, म्हणजे उणे १८ ला, सहा महिने चांगलं. एक दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा तेवढा थंड होत नाही, त्यात दोन आठवड्यांच्या वर नको. एकदा वितळलं की फ्रीजमध्ये २४ तास, पुन्हा गोठवायचं नाही. बाळाने उष्टावलेलं दोन तासांत संपवा नाहीतर टाका. लाईट गेली तर फ्रीजचं दार उघडू नका, बंद दाराआड चार तास थंडावा टिकतो. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा, नाहीतर कोणीतरी पाण्याची बाटली काढायला चारदा उघडतं.

बँकेत फ्रीज असेल तर उत्तम. नसेल तर लसीकरणासाठी लस नेतात तो निळा डबा तुम्ही पाहिला असेल. चारी बाजूंनी गोठवलेल्या पिशव्या, मध्ये लस, झाकण घट्ट. तुमची पिशवी तशीच भरायची. आतून चंदेरी असलेली जाड पिशवी, गोठवलेल्या जेलच्या तीन-चार पिशव्या, आणि बाटल्या त्यांना चिकटून. नीट भरली तर २४ तास दूध चांगलं राहतं. जेलच्या पिशव्या रात्रीच फ्रीजरमध्ये टाकायला विसरू नका, या सगळ्यातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त वेळा विसरली जाते. बंदरावरचा मासळीचा बर्फ घेणाऱ्याही आहेत. आणीबाणीला चालेल, पण दोन पिशव्यांत घट्ट बांधून, वितळलेलं पाणी बाटलीच्या तोंडाला लागता कामा नये. बाटलीवर पट्टी चिकटवून तारीख आणि वेळ लिहा. ताजं कोमट दूध थेट थंड दुधात ओतू नका, ते थंड झाल्यावर मिसळा.

फ्रीजमधल्या दुधावर साय येते, खाली पाणी दिसतं. नासलं नाही ते. हलकेच फिरवलं की एकजीव होतं. कधी त्याला साबणासारखा वास येतो, तेही खराब नाही, बाळ पीत असेल तर द्या. नासलेल्या दुधाचा आंबट वास वेगळाच असतो, नाकाला लगेच कळतो. गरम करायला गॅसवर ठेवायचं नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच. वाटीत गरम पाणी घ्या, त्यात बाटली ठेवा, मनगटावर थेंब टाकून बघा.

सासूबाईंचं शिळं दूध. त्यांच्याशी वाद घालू नका, ताई, त्यांना सोबत घ्या. त्या गाईच्या दुधाच्या अनुभवावरून बोलतात, आणि फ्रीज नसलेल्या घरात ते शहाणपणच होतं. आईच्या दुधात जंतूंना रोखणारे घटक असतात, म्हणून ते गाईच्या ताज्या दुधापेक्षा जास्त वेळ तग धरतं. आपल्या देशात आईच्या दुधाची पेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिदा फर्नांडिस यांनी सुरू केली. तिथे दान केलेलं दूध तपासून, प्रक्रिया करून साठवतात आणि नऊ महिने पुरे न झालेल्या बाळांना देतात. इतक्या नाजूक बाळांना काढून ठेवलेलं दूध चालतं, तर तुमच्या धडधाकट बाळाला का नाही? हे एकदा त्यांना सांगून बघा. दुसरी एक समजूत तुमच्याही घरी निघेल, उन्हातून आलीस, आधी थोडं दूध काढून टाक, छातीतलं दूध तापलंय, शिळं झालंय. छातीत दूध शिळं होत नाही, तापतही नाही, ते शरीराच्याच तपमानाला असतं. आल्या आल्या पाजा. पाय धुवायचे, दोन घोट पाणी प्यायचं, पदर सारायचा.

सासूबाईंच्या हातात मी बाटली देणार नाही. वाटी-चमचा द्या, किंवा त्यांच्या माळ्यावर जुनं बोंडलं, म्हणजे बाळाला पाजायची चोचीची वाटी, असेल तर ते काढायला सांगा. बहुतेक घरांत असतं, पूर्वी घुटी त्यानेच द्यायचे. चोच आतून घासून, उकळून घ्या. बाळ पूर्ण जागं हवं, मांडीवर जवळजवळ बसतं धरायचं, चमचा किंवा चोच खालच्या ओठावर टेकवायची आणि बाळाला जिभेने ओढू द्यायचं. घशात ओतायचं नाही, ठसका लागतो. रुजू होण्याआधी दोन-तीन आठवडे दिवसातून एकदा सासूबाईंनीच द्यायचं, तुम्ही तेव्हा घरात थांबू नका. आईचा वास आला की बाळ वाटीकडे बघतही नाही. एका आजीने माझ्यासमोर तीन दिवस प्रयत्न केले, बाळ तोंड फिरवायचं. चौथ्या दिवशी सुनेची नेसून ठेवलेली सुती साडी अंगाभोवती घेऊन बसल्या, आणि नातवाने पाऊण वाटी संपवली. मग त्या मलाच म्हणाल्या, 'बघा, माझ्या हातून प्यायला.'

बँकेतल्या जागेचं आत्ताच, रुजू होण्याआधी, लेखी मागा. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासूनच तरतूद आहे, मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीव्यतिरिक्त रोज दोन वेळा पाजण्यासाठी सवड. २०१७ च्या सुधारणेने रजा २६ आठवडे झाली, आणि ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर आणि दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा आली. तुमची शाखा लहान असेल, पाळणाघर मिळणार नाही, पण त्या दोन सवडी मागायला लाजू नका. अकरा आणि पावणेपाचचं त्यात बसतं. जागा म्हणून रेकॉर्डची खोली चालेल, आतून कडी हवी, एक खुर्ची हवी, पंखा असला तर बरं. बाथरूममध्ये काढू नका. तिथे आपण जेवत नाही, मग बाळाचं जेवण तिथे का काढायचं? साहेबांना सांगताना 'थोडी अडचण आहे' असं मोघम बोलू नका. 'बाळासाठी दूध काढायचं आहे, वीस मिनिटं लागतात, या या वेळेला' असं सरळ बोला. मी पाहिलंय, सरळ बोललं की बहुतेक साहेब स्वतःच संकोचून हो म्हणतात. आणि पाणी प्या. बाथरूमची सोय नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या कितीतरी बायका माझ्याकडे डोकेदुखी घेऊन येतात.

एसटीच्या अनेक स्थानकांवर आणि काही सरकारी कार्यालयांत हिरकणी कक्ष आहेत. नाव रायगडच्या हिरकणीचं. दूध विकायला गडावर गेली, सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले, आणि घरी तान्हं बाळ म्हणून रात्रीची कडा उतरून गेली अशी तिची कथा आहे. आपल्या किनाऱ्यावर स्तनपानाच्या खोलीला याहून चांगलं नाव मिळालं नसतं. काही कक्ष स्वच्छ आणि उघडे असतात, काहींना कुलूप असतं आणि किल्ली नियंत्रकाकडे. आधी एकदा जाऊन बघून ठेवा. कुलूप दिसलं तर किल्ली मागा, ती तुमच्यासाठीच आहे.

छाती पाझरली तर हात छातीवर घट्ट घडी घालून एक मिनिट दाबा, थांबते. जुन्या मऊ लुगड्याच्या चौपदरी घड्या विकतच्या पॅडपेक्षा गरमीत बऱ्या पडतात. ओल्या झाल्या की लगेच बदला.

खाण्याचा विषय निघेलच, म्हणून एकच सांगते. दूध यावं म्हणून बाळंतिणीला मोरी खायला घालतात. मोरी म्हणजे शार्कच, आणि अशा शिकारी, मोठ्या माशांत पारा साचतो. मी पाजणाऱ्या आईला ती टाळायला सांगते. तारली, पेडवे, बांगडा भरपूर खा, कुळथाचं पिठलं खा, आळीव आवडत असतील तर तेही. पण दूध वाढतं ते दूध काढल्याने.

डावीकडच्या गाठीबद्दल. गाठ धरली की आपल्याकडे गरम शेक देऊन तेलाने जोरजोरात रगडतात. आता आम्ही ते करत नाही. आतल्या नाजूक भागाला सूज असते, रगडल्याने ती वाढते. नेहमीसारखं पाजत राहा, जास्तीचं मुद्दाम उपसू नका, पाजून झाल्यावर थंड पाण्याची घडी ठेवा, बोटं फक्त वरवर काखेकडे फिरवा. घट्ट ब्रा, पर्सचा पट्टा, पालथं झोपणं, यातलं काही त्या बाजूला दाबतंय का बघा. फेरीबोटीला धावताना खांद्यावर आडवी टाकलेली जड पर्स हे कारण मी दोनदा पकडलं आहे. दुखत असेल तर पॅरासिटामोल चालते. पण थंडी वाजून ताप आला, लाल पट्टा उठला किंवा २४ तासांत उतार नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर. पाजते आहे हे सांगा, बाळाला चालणारी औषधं असतात. त्या बाजूचं दूध बाळाला चालतं, बंद करू नका.

राहिलं रत्नागिरीचं प्रशिक्षण. माझा पहिला सल्ला, बाळाला आणि सासूबाईंना बरोबर घेऊन जा. तीन रात्रींचं भाडं जाईल, पण दुपारच्या सुट्टीत येऊन पाजता येईल आणि रात्र तर तुमचीच. ते शक्य नसेल तर तिथे दर तीन तासांनी काढा, रात्री एकदा गजर लावूनसुद्धा. पान्हा फुटत नसेल तर बाळाचं न धुतलेलं दुपटं नाकाशी धरा, त्या वासाने फुटायला मदत होते. राहण्याच्या ठिकाणी फ्रीज आहे का हे फोन करून विचारा. असेल तर तिथेच साठवा, येताना पिशवी भरून आणा. नसेल तर काढा आणि ओता, रडू नका. त्या तीन दिवसांसाठी घरी लागेल तेवढं, साधारण दोन ते अडीच लिटर, त्याआधीच्या महिन्यात थोडं थोडं गोठवावं लागेल. नेहमी मी साठा नको म्हणते, इथे मात्र लागतो. तुमच्या घरी एक दाराचा फ्रीज असेल तर कोणाकडे खरा डीप फ्रीजर आहे ते आत्ताच शोधा.

आणि रुजू होण्याची तारीख ठरवायची मुभा असेल तर सोमवार घेऊ नका, गुरुवार मागा. त्याआधीच्या आठवड्यात एक दिवस सगळं खरं खरं करून बघा. पावणेआठला पाजा, पिशवी भरा, बोटीने धोपाव्याला जा, अकराला कुठेतरी बसून काढा, संध्याकाळी परत या. त्या दिवशी काय विसरलं ते कागदावर लिहा. डाव्या बाजूची गाठ पुन्हा धरली तर थांबू नका, मला लगेच कळवा.